जिनाच्या गोदामातली शाळा

लग्न होऊन मी वाशीमहून हिंगोलीला आले तेव्हा मराठी सातवीची फायनल पास होते, पण त्या गावात त्याचा काही उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं. वाशीम इंग्रजी मुलखात, हिंगोली निजामाच्या. मध्ये कान्हेरगावचं नाकं. तिथं बैलगाड्या थांबवून जकातवाले गाठोडी सोडून बघायचे. नाक्याच्या आमच्या बाजूला शाळा मराठीत चालायच्या. हिंगोलीत चौथीच्या पुढं सगळं उर्दूत. माझे यजमान तिथल्या दवाखान्यात कंपाउंडर होते. ते दिवसभर दवाखान्यात, आणि मी घरात दोन माणसांचा स्वयंपाक उगाच लांबवत बसलेली.

एके दिवशी वाचनालयाच्या मंडळाचे चिटणीस घरी आले. त्यांचं कापडाचं दुकान होतं. ओट्यावर टेकत ते म्हणाले, "बाई, स्टेशनाकडं कापसातली सरकी काढायचं जिन हाय, त्याच्यापाशी मजुरांची वस्ती हाय. लेकरं दिवसभर सरकीच्या ढिगावर लोळून राहिलीत. मंडळानं तिथं शाळा काढायची ठरवलंय. जिनवाल्यानं एक पडीक गोदाम देऊ केलंय. शिकवायला तेवढं माणूस न्हाई."

मी यजमानांकडं बघितलं.

"माह्याकडं काहून बघून राहिलीस?" ते म्हणाले. "शिकवायचं तुला हाय."

दसरा झाल्यावर शाळा सुरू झाली. पोरं यायची ती केसांत, भुवयांवर कापसाचे तंतू घेऊनच. पहिले काही दिवस मी ते झटकायची, मग सोडून दिलं. मुलांना शाळा आवडली. पण दिवाळीनंतर जिन जोरात चालू झालं आणि माझ्या वर्गातल्या मुली एकेक करून दिसेनाशा झाल्या. राहिले ते नुसते मुलगे.

गेलेल्या मुलींतल्या एकीबद्दल मला फार वाटायचं. एकदा सांगितलेलं तिला पुन्हा सांगावं लागत नसे. तिच्या घरी गेले तर ती दारात कडेवर तान्हा भाऊ घेऊन उभी. आई जिनातून नुकतीच आलेली, पाणी पीत होती. मी विचारलं, "मुलीला का पाठवत नाही?"

"बाई, तिला धाडलं तर हे तान्हं कोनापाशी ठिवू?" ती म्हणाली. "तुमीच सांगा. मी मशिनीपाशी घिऊन जाऊ का त्याला?"

तिथून मी चिटणिसांकडं गेले आणि म्हटलं, गोदामात झोळ्या बांधू, धाकटी भावंडं घेऊनच मुलींना येऊ दे. ते हसले. "शाळा चालवायची का पाळणाघर?" असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

त्याच सुमारास गावातल्या एका मुसलमान वकिलांच्या बेगमना ताप आला. यजमान औषध पोचवायला जायचे. त्यांच्याकडून शाळेचं कळल्यावर बेगमनी मला बोलावणं पाठवलं. वकिलांचं घराणं पिढ्यान् पिढ्या हिंगोलीतलं, पण बेगम हैदराबादच्या, तिथं शिकलेल्या. परदा पाळत, म्हणून बाहेर फारसं जाणं नाही. गावातल्या दहा-बारा मुसलमान बायकांची त्यांनी एक अंजुमन, म्हणजे संस्था, केली होती. ईदेला त्या गरिबांच्या मुलांना कपडे शिवून देत. मी त्यांना आपा म्हणायला लागले.

पलंगावर उशीला टेकून त्यांनी मला एकच विचारलं. "चौथी झाली की तुमच्या मुली कुठं जाणार, बाई? बडे मदरसे में तो सब उर्दू."

"मला उर्दू येत नाही," मी म्हणाले.

"मुझे आती ना. और ये दालान खाली पड़ा है. मला बाहेर येता येत नाही, त्यांना आत यायला काय हरकत आहे?" मग झोळ्यांचं ऐकून त्या उठूनच बसल्या. अंजुमनमध्ये एक म्हातारी दाई होती, घरी रिकामी बसून कंटाळलेली. "ती सांभाळेल. दहा पोरं झोळीत घाला, तिला काही तकलीफ नाही."

हे सगळं ठरवायला वाचनालयात बैठक भरली. एका बाजूला मंडळाची माणसं, दुसऱ्या बाजूला वकीलसाहेब, अंजुमनच्या वतीनं. मी दाराशी बसले होते. चिटणीस सुरुवातीलाच तापले. "मराठी शाळा काढली ती उर्दू शिकवाया का? सरकारची जबरदस्ती काय कमी हाय?"

वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "सरकारचं सोडा. ते लेकरू चौथीत अडकलं तर पुन्हा जिनातच जाईल. मंग तुमची मराठी तरी कुठं वाचील ते?"

दोन्हीकडून आवाज चढले. कोणी तरी म्हणालं, मंडळानं वेगळी शाळा चालवावी, अंजुमननं वेगळी. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. बायकांनी बैठकीत बोलायची पद्धत नव्हती, पण मी उभी राहिले. "दोन शाळा काढाल तर शिकवायला दोन बाया कुठून आणाल? माझ्याच्यानं दोन भाषा होत नाहीत, आपांच्यानं बाहेर येणं होत नाही. दोघी मिळून एक शाळा होते. ती होऊ द्या."

चिटणीस मान खाली घालून म्हणाले, "झोळ्यांना कापड माह्या दुकानातून न्या." त्यांचा होकार असा आला.

सकाळी गोदाम, दुपारी आपांचं दालान. मुली पुन्हा आल्या, कडेवर भावंडं घेऊन. दाईनं आल्या दिवशीच मला बजावलं की तिच्या झोळ्यांपाशी कोणी पाढे ओरडायचे नाहीत. वस्तीतल्या काहींनी कुरकूर केली, मुसलमानाच्या घरचं पाणी लेकरं पितील म्हणून. मग मुलं आपापले तांबे घेऊन यायला लागली. उन्हाळा लागला तसे ते तांबे घरीच राहायला लागले.

दालानात मुलांबरोबर पाटी घेऊन मीही बसायची. आपा फार कडक. माझा नुक्ता, अक्षराचा ठिपका, चुकला की मुलांदेखत म्हणायच्या, "बाई, फिर से!" मुलं खुदखुदायची. सकाळी मी त्यांना बोलायची, आणि दुपारी माझी वेळ आलेली बघून त्यांना बरं वाटत असणार. हळूहळू मला वाचता यायला लागलं. इतकी वर्षं ज्या गावात राहत होते, त्या गावच्या पाट्या मी पहिल्यांदा वाचल्या.

काही वर्षांनी त्या हुशार मुलीची मोठ्या शाळेत प्रवेशाची परीक्षा होती तेव्हा तिच्या आईची पाळी जिनात होती आणि दाई आजारी. म्हणून एव्हाना पळायला लागलेला तिचा भाऊ आमच्याबरोबर आला. ती आत गेली आणि त्यानं टाहो फोडला. मी त्याला घेऊन अंगणात येरझाऱ्या घालत होते, कान मात्र खिडकीकडं. आत परीक्षक तिला उर्दू उतारा वाचायला सांगत होते. ती अडखळली, थांबली, पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली आणि शेवटपर्यंत गेली.

"किसने पढ़ाया?" परीक्षकांनी विचारलं.

"आपानी," ती म्हणाली. मग बाहेर बघून म्हणाली, "आन् बाईंनी. त्या माह्यासंगं शिकल्या."

परीक्षक हसल्याचा आवाज आला. तिला घेतलं. तिची आई संध्याकाळी माझ्याकडं आली, ओट्यावर बसून राहिली. चहा घेतला आणि गेली.

पुढं वाईट वर्ष आलं. रझाकारांची भीती वाढली, जिन बंद पडलं, वस्तीतली कित्येक घरं नाकं ओलांडून वऱ्हाडात गेली. यजमानांनी मला वाशीमला पोचवलं, ते स्वतः दवाखान्यासाठी राहिले. पोलीस ॲक्शन झाल्याचं मी तिथंच ऐकलं. लोक आनंदानं रस्त्यावर आले होते. मलाही आनंद झाला, पण माझ्या डोळ्यांपुढं राहून राहून आपांचं दालान येत होतं. आता घाबरायची पाळी त्यांची होती.

परत आले ती थेट त्यांच्या घरी गेले. ओट्यावर जिनातल्या बाया बसलेल्या, कोणी तूर निवडत होती, कोणी लेकराला पाजत होती. हुशार मुलीची आईही होती. त्या आठवडाभर तिथंच होत्या.

"लोकं आले होते काठ्या घिऊन," तिनं सांगितलं. "मी म्हनलं, हे लेकरायच्या शाळेचं घर हाय. इथं कोनाला शिरू देनार न्हाई. त्यातला एक जन वळखीचा निंगाला, त्याची पोरगी इथंच शिकते. गेले मंग."

"भीती नाही वाटली?"

"वाटली न्हाई कशी? पन काम बंद हाय, घरी बसून तरी काय करावं? इथं बसलो."

आत आपा सामान बांधत होत्या. वकीलसाहेबांनी हैदराबादला जायचं ठरवलं होतं. मला बघून त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "अब यहाँ मेरी उर्दू का क्या काम, बाई? आता सगळं मराठीत होणार."

संध्याकाळी चिटणिसांना सांगितलं, तर ते तडक निघाले आणि वकिलांच्या बैठकीत जाऊन बसले. काय बोलणं झालं ते मला अर्धंच ऐकू आलं. चिटणीस म्हणत होते, "तुमच्या मोहल्ल्यातल्या लेकरांना आता मराठी लागंल. कोन शिकवील? बेगमसाहेबांच्या शब्दाबिगर ते आमच्याकडं येतील का? तुमी गेलात तर अर्धी शाळा जाती." बराच वेळ गेला. दुसऱ्या दिवशी सामान सुटलं.

दिवाळीनंतर शाळा भरली तेव्हा मुसलमान मुलंही गोदामात आली. आणि एका सकाळी पडदा लावलेला टांगा दाराशी थांबला. बुरखा सावरत आपा उतरल्या. इतकी वर्षं ज्या शाळेसाठी झटल्या, ती त्यांनी पाहिलेलीच नव्हती. त्यांनी सगळीकडं नजर फिरवली, झोळ्या पाहिल्या, फळा पाहिला. मी कौतुकाची वाट बघत होते.

"बाई, इथं खिडकी का नाही?" त्या म्हणाल्या. "बच्च्यांना हवा कुठून मिळणार? वकीलसाब को बोलती मैं."

आठवड्याभरात दोन गवंडी आले. भिंत फोडायचं काम दिवसभर चाललं आणि मुलांना शिकवणं काही जमलं नाही. सगळी त्या भोकाभोवती गोळा झाली होती, पलीकडचं जिनाचं अंगण दिसायला लागलं तसं ओरडत.