चार गुण

परवा अकोल्यात बँकेच्या काउंटरवर तापलेल्या संगणकाचा धुळकट वास आला आणि मला अमरावतीच्या कॉलेजातली ती लॅब आठवली. जावा या संगणकभाषेची तोंडी परीक्षा होती. साठ टक्के, म्हणजे वर्षाच्या एकूण पंधराशेपैकी नऊशे गुण पडले तरच कॉलेजात नोकरी द्यायला येणाऱ्या कंपनीच्या मुलाखतीला बसता येणार होतं. बाहेरगावहून आलेल्या परीक्षकांसमोर कचोरीची प्लेट होती आणि शेजारी आम्हाला जावा शिकवणाऱ्या मॅडम. परीक्षकांनी विचारलं, "वरच्या क्लासमधली पब्लिक मेथड खालच्या क्लासमध्ये ओव्हरराइड करताना प्रायव्हेट करता येते?" मी म्हटलं, "नाही सर. वरच्यानं सगळ्यांना दिलेला प्रवेश खालच्याला काढून घेता येत नाही." "येते," ते म्हणाले. "सर, कंपायलर एरर देतो, प्रोग्राम पुढे जातच नाही. दोन मिनिटांत चालवून दाखवतो." समोर संगणक सुरूच होता. "आता तू मले शिकवशील काय बे? चाल, पुढचा रोल नंबर!" मी मॅडमकडे पाहिलं. हेच त्यांनी आम्हाला फळ्यावर लिहून शिकवलं होतं. त्यांनी चटणीची वाटी सरांकडे सरकवली. मला पंचविसात दहा मिळाले आणि एकूण बेरीज आठशे शहाण्णव झाली. निकालानंतर व्हरांड्यात मॅडम हळूच म्हणाल्या, "तुझं बरोबर होतं रे, पण ते पाहुणे होते ना." पुढे मला दुसरी नोकरी लागली, संसारही नीट झाला. परीक्षकांना येत नव्हतं, ते मी केव्हाच सोडून दिलं. मॅडमना येत होतं, आणि ते त्यांनी व्हरांड्यात सांगितलं, हे मात्र मला आजही माफ करता येत नाही.