कर्ता नसलेलं वाक्य

"हिला म्हण. मला म्हणू नको," सर म्हणाले.

मी फळ्यापुढं उभी होते. हातात खडू, पाठीमागं सगळा वर्ग. फळ्यावर सरांनी इंग्रजी वाक्य लिहिलं होतं. एव्हरीबडी नोज दॅट दे हॅव गिव्हन हर अ सीट. सगळ्यांना माहीत आहे की त्यांनी हिला जागा दिली आहे. त्यातला 'दॅट'च्या पुढचा तुकडा पॅसिव्हमध्ये फिरवायचा. त्या तासाचा धडाच तो होता. मी फिरवला. शी हॅज बीन गिव्हन अ सीट. बरोबर फिरवला.

"शेवटी 'बाय देम' लिहू का, सर?"

"कशाला? कर्ता सगळ्यांना ठाऊक असला की लिहायचा नसतो. सरकारी कोट्याला कर्ता लागतो होय?"

वर्ग हसला. पहिल्या बाकावरच्या पोरी जरा कमी हसल्या, एवढंच.

"आता मराठीत वाच. मोठ्यानं."

"सगळ्यांना माहीत आहे की मला..." मी सुरू केलं. तेव्हा सर म्हणाले, हिला म्हण. व्याकरण पाळ.

मी पाळलं. माझ्याच तोंडानं, माझ्याविषयीच बोलले.

"सगळ्यांना माहीत आहे की हिला जागा देण्यात आली आहे."

"व्हेरी गुड. एकदम करेक्ट."

उत्तर चुकलं असतं तर मी रडले असते. बरोबर आलं होतं. रडायचं कशावर?

नगरच्या कॉलेजात मी इंग्रजी विषय घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. गाव खर्ड्याच्या बाजूला. आमची वस्ती गावाच्या कडेला, कुठल्या लोकांची ते आडनावावरून कळतं. हजेरी घेताना सर त्या आडनावावर जरासे थांबायचे. घसा साफ करायचे. मग पुढचं नाव. त्यांचे आजोबा मास्तर, वडील हेडमास्तर. इंग्रजी त्यांच्या घरात चहासारखी. मी ती एका फाटक्या डिक्शनरीतून शिकले होते. त्या डिक्शनरीला 'टी'च्या पुढची पानंच नव्हती.

माझं नाव खरं तर खुल्या यादीत होतं. त्या दिवशी हॉस्टेलच्या खोलीत मी तेच बडबडत बसले होते. उद्या उठते आणि सांगते, सर, मी मार्कांवर आले. माझी रूममेट बेलापूरची. ती कोट्यातून आली होती, हे मला माहीत होतं. ती कपडे घड्या घालत होती. न बघता म्हणाली, "सांग की. मंग मी काय चोरी करून आले, असं ठरंल."

मी तो बेत सोडला. कोट्यातून आले असते तरी ते वाक्य घाणेरडंच होतं. यादी दाखवून मी फक्त माझं अंग धुतलं असतं, तिच्यावर चिखल उडवून.

वाक्य वर्गात राहिलं नाही. कँटीनमध्ये बाकावर बसले की कुणीतरी म्हणायचं, जागा देण्यात आली हाय का? सिटी बसमध्ये एकदा आमच्या वर्गातल्या पोरानं उठून, हात पसरून, सगळ्यांसमोर म्हटलं, "या, आपल्याला जागा देण्यात आली आहे." बसमधल्या बाया कौतुकानं बघायला लागल्या. केवढा संस्कारी पोरगा! मी माळीवाड्यापर्यंत दांडी धरून उभी राहिले. एक म्हातारी मला म्हणाली, "बस की गं बाई, एवढं म्हंतोय तर." तिला काय सांगणार?

विषय बदलायचा तर वर्ष जाणार. इंटर्नलचे मार्क सरांच्या हातात. तास बुडवले तर हजेरी जाणार, हजेरी गेली की हॉस्टेल जाणार. सगळीकडून दार बंद. दार लावून घेणारा कुठं दिसत नाही.

आईला फोन केला. ती कांदा काढायला गेली होती, रानातूनच बोलत होती.

"आई, वर्गात असं असं बोललं गेलं."



"झालं गेलं सोड," ती म्हणाली. "वरीस काढ."

"आई, रोज हुतंय."

"मंग ये माघारी. तुज्या चुलत्यानं कर्जतचं पाव्हणं बगून ठिवलंय. तू आलीस की हळद लागंल. हाय तयारी?"

तयारी नव्हती. तिलाही ते माहीत होतं. तिचा राग आला, पण तिच्यापुढंही दोनच वाटा होत्या आणि दोन्ही तिनं मला सांगून टाकल्या होत्या.

मग चाचणी परीक्षा आली. प्रश्नपत्रिकेत वाक्य फिरवायचा प्रश्न होता. तिसरं वाक्य वाचलं आणि माझे कान तापले. तेच. एव्हरीबडी नोज दॅट दे हॅव गिव्हन हर अ सीट.

वर्गात मान वर करून कुणीच बघितलं नाही. सगळ्यांचे पेन चालू होते. सगळा वर्ग एकाच वेळी माझ्याविषयी लिहीत होता, हिला जागा देण्यात आली आहे. माझी रूममेटही लिहीत होती. तिनं लिहिलं नसतं तर तिचे मार्क गेले असते.

मीही लिहिलं. सुवाच्य अक्षरात. शेवटी टिंब दिलं.

बाहेर आले आणि नळावर गेले. वर्ग मला हसला तेव्हा इतकं लागलं नव्हतं. आज मी मार्कांसाठी स्वतःला विकलं होतं आणि विकणारा हात माझाच होता. नळाखाली डोकं धरलं. वर केलं तेव्हा ठरलं होतं. तशीच ओल्या केसांनी ऑफिसात गेले आणि तक्रार दिली.

आठवड्याभरानं प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. सर आधीच बसले होते. मला खुर्ची दिली. चहा दिला. एवढ्या आदरानं कॉलेजात मला कुणी वागवलं नव्हतं, म्हणून भीती वाटली.

"बेटा, मोठं कॉलेज आहे," प्राचार्य म्हणाले. "आपण घरातल्या घरात मिटवू. हे वाच आणि सही कर."

टाईप केलेला कागद. इंग्रजीत. त्याचा अर्थ असा होता: असे समजण्यात आले आहे की वर्गात काही उद्गार काढले गेले, की त्यांचा चुकीचा अर्थ लावला गेला, आणि की प्रकरण मिटवण्यात आले आहे.

मी परत वाचलं. एक 'दॅट', दुसरा 'दॅट', तिसरा 'दॅट'. प्रत्येकाच्या मागं शुद्ध, पूर्ण, पॅसिव्ह वाक्य. उद्गार होते, बोलणारा नव्हता. चुकीचा अर्थ होता, तो कुणी लावला ते नव्हतं. सरांचं नाव नाही. माझंही नाही. काहीच घडलं नव्हतं आणि ते मिटलंसुद्धा होतं.

"सर, उद्गार कुणी काढले?"

"अगं, इंग्रजीत असंच लिहितात," सर पहिल्यांदाच बोलले. हसत. "सभ्य भाषा असते ती. एवढं शिकवलं तुला."

"शिकवलंत. म्हणून विचारते. कुणी काढले?"

प्राचार्यांनी चष्मा काढला. "हे बघ, तुझं वर्ष आहे. इंटर्नल आहेत. पुढं एम.ए.ला शिफारस लागते. कुणाच्या तरी भरीला पडून आयुष्य नको खराब करूस."

आईचा आवाज कानात आला, वरीस काढ. चुलता आठवला. हात पेनाकडं गेला, खोटं का सांगू? पेन उचललासुद्धा. थंड होता, चांगला जड. सही केली असती तर दोन मिनिटांत बाहेर होते. मग उरलेलं सगळं आयुष्य त्या कागदातल्यासारखं काढायचं. माझ्या बाबतीत काहीतरी केलं जाणार. ते कुणी केलं, हे मी कधीच म्हणायचं नाही.

मी पेन ठेवला.

"असं लिहा," मी म्हणाले. "मी सांगते की ह्या सरांनी, भर वर्गात, माझ्या जातीवरून माझा अपमान केला. मग परीक्षेत तोच अपमान सगळ्या वर्गाकडून लिहून घेतला. त्यांचं पूर्ण नाव लिहा. माझंही लिहा. आडनावासकट. मग करते सही."

सरांचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, काढायचं विसरल्यासारखं.

"तू जा आता," प्राचार्य म्हणाले. बेटा म्हणाले नाहीत.

इंटर्नलला सरांनी मला काठावर पास केलं. हे मी पॅसिव्हमध्ये सांगणार नाही. सरांनी केलं. कर्जतचे पाहुणे आले, मी गेले नाही. चुलता बोलत नाही. आई बोलते, पण जेवलीस का, एवढंच विचारते. रूममेटनं साक्षीदार म्हणून नाव दिलं, मग घरच्यांनी धमकावलं म्हणून काढून घेतलं. अजून एकाच खोलीत राहतो. तिच्यावर माझा राग नाही. तिचीही दारं कुणीतरी बंद केलीत.

तक्रार मी विद्यापीठाच्या समितीकडं नेली. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. परवा कॉलेजचा क्लार्क हॉस्टेलवर येऊन गेला. मसुदा बदललाय म्हणाला. आता त्यात 'खेद व्यक्त करण्यात येत आहे' असं घातलंय.

कोण व्यक्त करतंय, विचारलं. त्यानं कागद पुढं केला. कागद मी हातात घेतला नाही.

सुनावणीला एकटीच जाणार आहे. तिथं मला विचारतील, काय घडलं. काय घडलं ते मी नंतर सांगीन. आधी कुणी केलं ते सांगणार, त्याच्याकडं बोट करून. वर्ष गेलं तर जाऊ दे.