चार मुलखांची टोळी

किन्हीराजाचा देवमन एकाहत्तरच्या लढाईतून घरी आला तो कमरेखाली लुळा होऊन. पाय गेले, पण ताठा दुप्पट झाला. कोणी उचलायला गेलं की भडकायचा, “दूर हो. मी काय पोतं आहो?” अंगण हातांवर घासत ओलांडायचा अन् तळवे सोलून घ्यायचा. चाकाची खुर्ची होती, पण आमच्या काळ्या मातीत ती रुतायची. मग गडी घराबाहेर पडेचना. उपचाराला पुण्याच्या लष्करी दवाखान्यात नेला की मात्र हाच बाबा तिथं खुर्ची अशी पळवायचा, की सत्त्याहत्तर साली साहेबांनी त्याला शर्यतीसाठी थेट विलायतेला धाडलं.

इकडे त्याच्या मायला, सोजरबाईला, वेगळाच घोर. धाकट्या अंजनाचं लग्न ठरलेलं, मांडव शाळेच्या टेकाडावर. बाप कधीचाच गेलेला. पोरगी हटून बसली होती, “भाऊ मांडवात नसला तं मी हार घालत नाही.” अन् देवमनचं आपलं एकच, “माही खुर्ची तेथी चढत नाही. घरूनच आशीर्वाद देतो.” दोघंही एकाच मातीची, कोण कोणाला समजावणार?

लग्नाच्या आठवड्यात देवमन परतला. लोकांनी मेडल विचारलं.

“कायचं मेडल? खालून पयला आलो,” म्हणून तो हसला. इतक्या वर्षांनी पोरगा हसला, माऊलीला तेच पुष्कळ होतं.

रात्रीच्या भाकरी थापताना तिनं त्याला बोलतं केलं. एका संघात चौघं लागणारी शर्यत, अन् आपल्याकडून हा एकटाच. असेच आणखी तिघं एकटे: एक बर्म्याचा, एक केनियाचा, एक पेरूचा. मग तिथल्या लोकांनी चौघांची मिळून एक टोळी केली. बर्म्याचा गडी वळणावर खुर्चीसकट उलथला, तिथंच शर्यत गेली.

“आमी त्याले उचलून बसवलं, माय. तो हसतच होता. त्याले लाज नाही वाटली.”

“अन् तुले कोण उचले?”

“केनियावाला. एक पाय लाकडाचा, पण बसमध्ये चढताना मले पाठीवर घे. पयल्या दिवशी लय शिव्या देल्या मी त्याले. त्याले माही बोली कुठं समजते? घेतलंच उचलून.”

सोजरबाईनं तव्यावरची भाकर उलटली. लग्नाचं विचारायची तिची छातीच होईना.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड टेकाडावर पोचलं तरी सोजरबाई घरातच घुटमळत राहिली. देवमन नवा सदरा घालून ओट्यावर बसला होता. शेजारचा जानराव मांडवाकडं निघालेला दिसला, तशी त्यानं हाक मारली.

“जानराव, थांब ना गड्या. मले पाठीवर घे.”