माझ्याविरुद्धची साक्ष माझ्याच तोंडून

१२ जानेवारी २०१२. खाटेवर जुनं धोतर पसरून कोहळ्याच्या वड्या घालत होते. सोबत मोठी जाऊ. तिच्या वड्यांच्या रांगा सरळ पडतात, म्हणून माझ्या रांगांवर तिची टीका चालू होती.

दुभाषी म्हणून ऑस्ट्रेलियाला जायचं तर तिथलं एक कार्यालय आधी तुमचं काम तपासतं. परीक्षा मी पास झाले होते. आता ते आमच्या आरोग्य संस्थेच्या सचिवांना फोन करून एवढंच विचारणार होते, की ही बाई तुमच्याकडे खरंच दुभाष्याचं काम करते का. सचिव नाही म्हणाले तर प्रकरण तिथेच बंद. वयाच्या अटीमुळे पुन्हा अर्ज करण्याइतका वेळ माझ्याकडे नव्हता. आणि मी जाणार हे कळल्यापासून सचिव माझ्याशी धड बोलत नव्हते.

तेच फाटकातून आत आले. संस्था रस्त्यापलीकडेच आहे. हातात चालू मोबाइल.

"इंग्रजीवाली बाई बोलून राहिली. मले काही समजत नाही. पूस तिले काय पायजे."

इंग्रजी फोन आला की तो माझ्यापुढे धरायचा, ही संस्थेची जुनी रीत. फोन कशाबद्दल आहे याचा विचार करायच्या आत त्यांनी रस्ता ओलांडला होता. माझे हात पिठाने भरलेले. स्पीकर लावा म्हटलं.

पलीकडच्या बाईने प्रश्न विचारला. मी तो सचिवांना जसाच्या तसा सांगितला. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. हसले.

"अस्सं! सांग तिले, हे बाई महिला मंडळाचं काम पाहते अन् पाहुण्यांचं चहापाणी. दुभाषी-बिभाषी असं पदच नाही आमच्याकडं."

मी इंग्रजीत तेच सांगितलं. चहापाण्यासकट.

जावेने कोपराने ढोसलं. "काय सांगितलं वो?"

"ते बोलले तेच."

"येडी आहेस का? हो म्हणून टाकाचं होतं! त्याले काय घंटा समजते?"

सचिवांनी तिच्याकडे रागाने पाहिलं. तिने वडी घातली.

फोनवरच्या बाईने विचारलं, "आता माझ्याशी कोण बोलतंय?"

"मीच. तुम्ही जिची चौकशी करताय ती."

तिचा पुढचा प्रश्न, "यांनी फोन तुमच्याकडे का दिला?"

हाही प्रश्न मी सचिवांना मराठीत सांगितला. ते उखडले. "अन् कोणाले देऊ? गोऱ्या डॉक्टरचा असो, दिल्लीवाल्याचा असो, इतकी वर्षं इंग्रजी फोन हेच बोलते!"

हेही मी तसंच सांगितलं, उखडलेल्या सुरासकट.

ती म्हणाली, स्वतःच्याच चौकशीत स्वतः दुभाषी होता येत नाही, हे तुम्हाला माहीत असायला हवं. हा फोन ग्राह्य नाही. पुढच्या आठवड्यात आमचा हिंदी दुभाषी घेऊन पुन्हा करू. तोवर दुसरा साक्षीदार द्यायचा असेल तर कळवा. आवाज कोरडा होता, पण बोलणं रास्त होतं.

"काय बोलली?"

मी सांगितलं.

"करू दे फोन. हिंदीत तर अजून चांगलं सांगीन. इथं शिकली, इथं मोठी झाली, अन् आता आमाले सोडून चालली."

"शिकले बापाच्या पैशानं," मी म्हटलं. "तुमच्या नाही."

"जबान चालून राहिली लय."

"त्याचाच तर पगार देता."

ते फाटक उघडं टाकून गेले. जाऊ म्हणाली, "जाऊ दे, ऑस्ट्रेलियात वड्या तरी कुठं भेटतात?" मी पुढची वडी घातली. पीठ संपवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी रजा न टाकता सकाळच्या गाडीने गोंदियाला गेले. पूर्वी आमच्या शिबिरांत बसणारे एक डॉक्टर तिथे असतात. त्यांना गोंडी येत नाही. रोगी काय म्हणतो ते मी सांगायचे आणि मगच ते औषध लिहायचे. त्यांच्या दवाखान्यात रोग्यांबरोबर बाकावर बसले आणि नंबर आल्यावर आत जाऊन विचारलं, "साक्षीदार म्हणून तुमचं नाव देऊ का?"