निर्दोष राणीची धास्ती

बाजारात तिला कुणी खऱ्या नावाने हाक मारत नसे. "राणीसाहेब, आज कुणाला पाजताय?" असं भाजीवाला विचारायचा, आणि "वजनात मारलंस तर तुलाच," असं ती सुनवायची. उभं आयुष्य तिने रंगमंचावर एकच राणी केली होती: आजारी सावत्र मुलाला औषध म्हणून विष देणारी. पेला पुढे झाला की अख्खं नाट्यगृह ओरडायचं, "पिऊ नको, बाळा!" अहो, निम्मे लोक तिकीट काढायचे ते त्या ओरडण्यासाठीच.

आणि नशिबाची थट्टा बघा, घरीही ती सावत्र आईच. नवऱ्याची पहिली बायको बाळंतपणात गेली आणि तान्हं पोर हिच्या ओटीत आलं. पोर तिला इतकं चिकटलं होतं, की ती न्हाणीघरात गेली तरी दाराशी बसून राहायचं. मग कुणा अतिशहाण्या शेजारणीने त्याला उचलून नाटकाला नेलं. त्याने पेला पाहिला, लोकांचं ओरडणं ऐकलं, आणि त्यानंतर तो तिच्याकडे परक्यासारखा बघायला लागला. मोठा झाला, नोकरीला लागला, वेगळं बिऱ्हाड केलं. वागायला सभ्य, वाईट शब्द नाही. अधूनमधून येऊन चौकशी करायचा, पण पाण्याचा पेला पुढे केला की, "नको आई, आत्ताच पिऊन आलो." त्या नाट्यगृहाची पायरी तो पुन्हा कधी चढला नाही.

अशात नवी दिग्दर्शिका आली. तरुण, तरतरीत, बोलणं तोफेसारखं. म्हणाली, राणीने विष दिलंच नव्हतं. राजपुत्र तापाने गेला. विषाची गोष्ट पुढच्या राजाला खूश करायला कुणीतरी मागाहून रचली. आता प्रसंग तोच ठेवायचा, फक्त पेल्यात खरंच औषध असणार.

"पुरावा काय?" तिने विचारलं.

"विष दिल्याचा काहीच पुरावा नाही."

"आणि न दिल्याचा?"

दिग्दर्शिका हसली. "न केलेल्या गोष्टीचा पुरावा कुठून आणायचा, बाई? तुमच्या डोळ्यांत दिसू दे."

इथेच तिचं अडलं. पेला तोच, हात तोच, पोराचं मरणही तेच. खुर्चीत बसलेल्या माणसाला फरक कळायचा कसा? आणि डोळ्यांचं म्हणाल, तर हेच डोळे घेऊन ती इतकी वर्षं घरात वावरली होती. तिथे कुणाला काय दिसलं?

त्यात मुलगा येऊन म्हणाला, "जाहिरात वाचली, राणी निर्दोष होती म्हणे. पहिल्या प्रयोगाला येतोय मी."

झालं! तिच्या तोंडचं पाणी पळालं. येऊ नकोस म्हणावं, तर त्याला वाटायचं, हिच्या मनात काहीतरी आहे. ये म्हणावं, तर लोक पुन्हा ओरडणार. ह्या खेपेला त्याला पटलं नाही, तर मरेपर्यंत पटणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. अन्न गोड लागेना. तालमीत पाठ असलेली वाक्यं गळायला लागली. दिग्दर्शिकेला वाटलं, वय झालं.

प्रयोगाच्या संध्याकाळी तो तिसऱ्या रांगेत बसला होता. पडद्याच्या फटीतून तिने एकदाच पाहिलं आणि पुन्हा पाहायचं धाडस केलं नाही.

पेल्याचा प्रसंग आला. तिने हात पुढे केला. नाट्यगृह चिडीचूप. तिच्या जिवात जीव आला, एवढ्यात वरच्या सज्जातून कुणा म्हाताऱ्याने हाळी दिली, "पिऊ नको, बाळा!" मग काय, सगळेच सुटले. काही गंमत म्हणून, काही मनापासून. राजपुत्र झालेल्या नटाचा हात अर्ध्यावरच थबकला. तिची नजर नको तिथे गेलीच. मुलगा ओरडत नव्हता. खुर्चीचा हात घट्ट धरून, लहानपणच्याच नजरेने तो पेल्याकडे बघत होता.

तिची पाचावर धारण बसली. आणि काही कळायच्या आत तिने पेला स्वतःच्या ओठांना लावला, घोट घेतला, कड बोटाने पुसली आणि मग तो पुढे केला.

नाटकात असलं काही नव्हतं. हे घरचं होतं. तो नाटक पाहून आला त्या दिवसापासून कितीतरी वर्षं दूध, जेवण, खोकल्याचं औषधसुद्धा तिने आधी चाखल्याशिवाय त्याने तोंडात घेतलं नव्हतं. नवऱ्यालाही तिने हे कळू दिलं नव्हतं.

लोक गप्प झाले. राजपुत्र प्याला, आणि ठरल्याप्रमाणे तापाने गेला.

प्रयोग संपवून ती रंगपटात आली. आपण हे काय करून बसलो! पोराचं लहानपण चारचौघांत उघडं केलं. त्याला वाटलं असणार, आईने भर नाट्यगृहात सूड उगवला. आता तो कायमचा तुटणार.

दिग्दर्शिका तणतणत आली. "बाई, हे इतिहासात कुठे आहे? राणीने चाखून दिलं, याला आधार काय?"

"आमच्या घरात आहे आधार," दारातून मुलगा म्हणाला.

दिग्दर्शिकेने एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि ती बाहेर गेली.

तो कपड्यांच्या पेटीवर बसला आणि म्हणाला, "मला तुझी फार भीती वाटायची."

"मलाही तुझी वाटायची रे. तू नुसता शिंकलास तरी माझे हातपाय गळायचे. तुला काही झालं असतं, तर मी कुणाला काय दाखवणार होते?"

"चाखताना तुझ्या डोळ्यांत पाणी यायचं. मला वाटायचं, विष कडू असतं म्हणून."

तिने डोक्यावरचा मुकुट काढून ठेवला. उद्या पुन्हा प्रयोग होता, आणि उद्याही लोक ओरडणारच होते.

"उद्या चाखू नकोस, आई," तो म्हणाला. "ओरडू देत त्यांना. तसाच दे."