बकरीची फेअर कॉपी

तेहेतीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. चित्राखालचे कच्चे गोल दिसले की दोन गुण कापायचे, आणि ज्याच्याकडे रबर नाही त्याला वर्गाबाहेर उभं करायचं, हा माझा नियम. अशा माणसाची सात वर्षांच्या नातीने व्हिडिओ कॉलवर माझं बकरीचं चित्र पाहून एका वाक्यात वाट लावली. "आजोबा, तुझी बकरी आधार कार्डावरच्या फोटोसारखी दिसते."

दिवाळीत ती पनवेलला येणार होती. तोवर तिला हसवेल अशी उड्या मारणारी बकरी काढायचीच, असं मी ठरवलं.

नवीन पनवेलला औषधांच्या दुकानावर कार्टूनचा क्लास आहे. जुनी पद्धत, म्हणजे काचेखाली दिवा लावायचा, कागदावर कागद ठेवायचा आणि एकेक हालचाल हाताने काढायची. बाकीचे विद्यार्थी कॉलेजातले. मी कुणाला तरी न्यायला आलोय असं वाटून त्यांनी मला खुर्ची दिली. शिकवणारी जवळच्याच विचुंबे गावची, माझ्या मुलीहून लहान.

"सर, पयले पाठीची वळणदार रेघ मारा. मंग दोन गोल. बकरी नंतर," ती म्हणाली. "आनि खाली पडली का चपटी करा."

जिवंत बकरी चपटी? बकरीचा गुडघा नेमका कुठे असतो यावर मी भर वर्गात व्याख्यान दिलं. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि माझा रबर उचलून स्वतःच्या ड्रॉवरमध्ये टाकला. "क्लास सुटल्यावर न्या."

मग काय, झक मारत बिनरबराची चोवीस चित्रं काढली. नुसत्या रेघोट्या. पण कागद भराभर उलटले तर बकरी दबली, उडाली, पडली, चपटी झाली आणि अंग झटकून उठली. "आता हाय जिवंत," ती म्हणाली. खोटं कशाला सांगू, मला भरून आलं.

पण जित्याची खोड. घरी येऊन मी चोवीसही चित्रांची शाईने फेअर कॉपी केली, गुडघे जागेवर आणले आणि कच्चे कागद रद्दीत टाकले.

दिवाळीत नातीने फेअर गठ्ठा उलटून पाहिला. बकरी तहसील कचेरीतल्या रांगेत सरकावं तशी सरकली.

"छान आहे हं," ती म्हणाली. चित्रात काहीच नसलं की मी मुलांना हेच म्हणायचो. मला फार वाईट वाटलं.

थोड्या वेळाने चकल्यांखाली घालायला कागद हवा म्हणून मुलीने तिला रद्दी आणायला पाठवलं. बाल्कनीतून तिचं हसणं ऐकू आलं, थांबेचना. ती कच्चा गठ्ठा घेऊन आली.

"ही खरी उडी मारते. ही का टाकलीस?"

"कच्ची आहे ती. रेघा पुसायच्या राहिल्यात."

"मग नको ना पुसू," ती म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून उलटायला लागली.

असं सांगणारं एखादं मूल माझ्या वर्गातही असणार. रबर आणला नाही म्हणून मी त्याला बाहेर उभं केलं होतं.