धारेतलं पाणी

वैनगंगेवर माह्यासारखा डोंगा चालवणारा दुसरा नव्हता. लोक म्हणत, बरं झालं, असा अजून एक असता त साऱ्या गावाले पोहणं शिका लागलं असतं. काल दवाखान्यात सुईच्या दवाईचा उग्र वास आला आन् थे थंडी आठवली. वडशाच्या घाटावर तवा पूल नव्हता. बायको जाऊन महिनाबी झाला नव्हता, आन् नागपूरहून एक साहेब रेशमाची बारीक जाळी अन् तशाच वासाच्या दवाईच्या बाटल्या घेऊन आला. त्याले डोळ्याले न दिसणारे जीव धराचे होते. म्या म्हटलं, "साहेब, मले त दिसणारे मासेबी भेटत नाई." डोंगा गळे, म्हणून सासू संग बसून पाणी उपसे. साहेबानं मले काचंतून पाहू देल्लं. डोहाच्या एका थेंबात शिंगावाले, पायावाले जीव नुसते नाचत होते. धारेच्या थेंबात काईच नाई. साहेब म्हणाला, "संथ, ऊबदार पाण्यात हे वाढतात. जोराच्या धारेत टिकत नाहीत." माहं हसू तिथंच आटलं. बायकोची राख म्या मुद्दाम जोराच्या धारेत सोडली होती, लवकर पोचन म्हणून. म्या डोंगा तिकडं वळवला. "साहेब, इथी टाका जाळी." बाटलीत नुसतं निर्मळ पाणी आलं. "अजून एक बार टाका," म्या म्हटलं. सासूनं उपसणं थांबवलं. "जवाईबापू, जनमभर तुमच्या गप्पा ऐकत थांबली थे. आता तरी जाऊ द्या तिले."